स्नायू वाढवण्यासाठी प्रथिने किती? आधी वही, मग काटा, शेवटी पावडर

ठाण्यातल्या आमच्या व्यायामशाळेत नाव घातल्यावर बहुतेकांचा पहिला प्रश्न "पावडर कोणती घेऊ?" हा असतो, आणि "सध्या जेवणातून प्रथिने किती जातात?" असे उलट विचारले, की "घरचं सगळं खातो" यापलीकडे उत्तर येत नाही. गरज किती, पोटात जाते किती आणि तूट किती, हे तीन आकडे याच क्रमाने काढायचे असतात. लोक मात्र ते तिन्ही वगळून थेट डबा विकत घेतात आणि सहा महिन्यांनी दंड होते तेवढेच राहिले म्हणून प्रथिनांना बोल लावतात. पुढील टप्पे अठरा वर्षांवरील, निरोगी आणि नियमित वजन उचलणाऱ्या माणसासाठी लिहिले आहेत. त्यांचा क्रम बदलू नये.

तयारी: चार वस्तू आणि एक तपासणी

एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, एक वही, शिवणकामाची टेप आणि रोज वापरातली एकच ठरलेली वाटी एवढे साहित्य पुरते. वाटीबद्दल आग्रह धरण्याचे कारण असे, की आमच्याच घरी "वाटी" म्हणवणारी तीन भांडी निघाली. पाणी भरून मोजले तेव्हा एकीत १०० मिलिलिटर मावले, दुसरीत १५० आणि तिसरीत २२०. अशा घरात "दोन वाट्या वरण खाल्ले" या वाक्याला काहीच अर्थ उरत नाही. वाटी ठरवा, तिच्या तळाला खूण करा आणि घरातल्यांना सांगून ठेवा.

ज्यांना मधुमेह, उच्च रक्तदाब, मूतखड्याचा त्रास किंवा मूत्रपिंडाचा कोणताही विकार आहे, अथवा घराण्यात तसा इतिहास आहे, त्यांनी प्रथिने वाढवण्यापूर्वी रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिने तपासून घ्यावीत व अहवाल डॉक्टरांना दाखवावा. निरोगी मूत्रपिंड या लेखातल्या प्रमाणाने बिघडत नाही; आधीच दुबळे झालेल्या मूत्रपिंडावर मात्र भार पडतो, आणि ते दुबळे असल्याचे बाहेरून कळत नाही.

*इशारा:* क्रिएटिन (ताकद वाढवण्यासाठी घेतली जाणारी पावडर) घेणाऱ्यांच्या आणि भरपूर स्नायू असणाऱ्यांच्या अहवालात क्रिएटिनिन थोडे वर दिसू शकते. म्हणून आपण काय घेतो आणि कसला व्यायाम करतो, हे डॉक्टरांपासून लपवू नये.

टप्पा १: आपले लक्ष्य ग्रॅममध्ये काढा

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये प्रौढांसाठी शिफारस केलेले प्रमाण शरीराच्या दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने असे आहे. हे प्रमाण शरीराची रोजची झीज भरून निघावी यासाठी आहे. वजने उचलून स्नायू वाढवणाऱ्याला ते अपुरे पडते. अशा व्यायामाबरोबर प्रथिने देऊन पाहिलेल्या अनेक प्रयोगांचा एकत्रित हिशेब २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात दर किलोमागे सुमारे १.६ ग्रॅमच्या पुढे सरासरीने आणखी फायदा दिसला नाही. व्यक्तिव्यक्तीतला फरक धरला तर वरची मर्यादा २.२ पर्यंत जाते.

त्यामुळे व्यवहारात १.६ धरावे. दूध, दही, पनीर हेही वर्ज्य करणाऱ्यांनी १.८ धरावे, कारण निव्वळ वनस्पतिजन्य प्रथिने थोडी कमी पचतात. वजन कमी करता करता स्नायू टिकवायचे असतील तर १.८ ते २.२ योग्य ठरते.

हिशेब सरळ आहे: ६८ किलोच्या माणसाला ६८ गुणिले १.६, म्हणजे १०९. सोयीसाठी ११० ग्रॅम. पोट सुटलेले असेल तर काट्यावरचे वजन धरू नये, कारण चरबीला एवढ्या प्रथिनांची गरज नसते. सेंटिमीटरमधील उंचीतून १०० वजा करून येणारा आकडा किलो म्हणून धरावा. १७० सेंटिमीटर उंचीचा, ९५ किलोचा माणूस ७० वर हिशेब करील आणि त्याचे लक्ष्य १५२ ऐवजी ११२ ग्रॅम होईल. तेवढ्यानेच त्याचा पाव खर्च वाचतो.

*येथे होणाऱ्या चुका:* पहिली चूक पौंडाची. परदेशी चित्रफितींत "एका पौंडाला एक ग्रॅम" असे सांगतात. ते दर किलोला २.२ ग्रॅम होते, म्हणजे मर्यादेचे वरचे टोक. दुसरी चूक अधिक साधी आणि अधिक महाग आहे. ११० ग्रॅम प्रथिने म्हणजे ११० ग्रॅम पनीर नव्हे. १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ ते १९ ग्रॅमच प्रथिने असतात, बाकीचे पाणी आणि स्निग्धांश. "रोज शंभर ग्रॅम चिकन खातो, म्हणजे शंभर झाले की" हे वाक्य मी एका इंजिनिअरच्या तोंडून ऐकले आहे.

टप्पा २: सात दिवस काहीही न बदलता लिहून काढा

हा टप्पा कंटाळवाणा आहे आणि म्हणूनच गाळला जातो. सोमवार ते रविवार, सकाळच्या चहापासून रात्रीच्या दुधापर्यंत, जे नेहमी खाता तेच खा आणि लिहा. रविवार वगळू नका; ठाण्यातल्या बऱ्याच घरांत मटण, मासळी किंवा श्रीखंड-पुरी रविवारीच होते, आणि त्या एका दिवसाच्या जोरावर माणूस स्वतःला वर्षभर "चांगला खाणारा" समजत असतो.

मोजण्याचा मुख्य नियम असा, की वजन नेहमी कच्च्या पदार्थाचे करावे. शिजवल्यावर डाळ-तांदूळ पाणी पितात आणि चिकन पाणी सोडते. १०० ग्रॅम कच्चे चिकन शिजून साधारण ७० ते ७५ ग्रॅम भरते, प्रथिने मात्र तेवढीच राहतात. कच्च्याचा आकडा शिजलेल्याला लावला, की सगळा हिशेब कोसळतो.

एकत्र स्वयंपाकात स्वतःचा वाटा कसा मोजावा, हा खरा प्रश्न असतो. त्यासाठी ताटातली आमटी नव्हे, तर कुकरला लावलेली डाळ मोजा. आईने चौघांसाठी १२० ग्रॅम तूरडाळ लावली आणि वाटे समान पडले, तर तुमच्या वाट्याला ३० ग्रॅम कच्ची डाळ आली, म्हणजे साधारण साडेसहा ग्रॅम प्रथिने. पाहुणा आला म्हणून आमटीत दोन भांडी पाणी वाढवले, तर वाटी तशीच भरलेली दिसेल, पण आता डाळीचे पाच वाटे झाले. वरण ताटात पसरले तर पातळ, उभे राहिले तर दाट, एवढा ढोबळ अंदाजही सुरुवातीला कामाला येतो. पोळी म्हणा किंवा चपाती, एका सप्ताहापुरते गोळे तोलून घ्या; साधारण ३० ग्रॅम पिठाच्या पोळीत ३ ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात.

*पडताळणी:* सातव्या दिवशी वहीत ऑफिसमधला चहा, गाडीतून उतरल्यावर खाल्लेला वडापाव आणि मुलाच्या ताटात उरलेला घास सापडतो का, ते पाहा. सापडत नसेल, तर वही खोटी आहे.

टप्पा ३: वहीपुढे आकडे मांडा

पुढील आकडे दर १०० ग्रॅम कच्च्या पदार्थामागचे आहेत आणि वाणानुसार थोडे खालीवर होतात. दशांशाच्या मागे लागू नये.

तूर, मूग, हरभरा, मसूर यांच्या डाळी २२ ते २४ ग्रॅम, मटकी, राजमा, छोले १९ ते २० च्या आसपास, शेंगदाणे २४, फुटाणे २०, गव्हाचे पीठ १० ते ११, ज्वारी १०, तांदूळ ८, पोहे ७. सोयाबीनच्या कोरड्या वड्या ५० ग्रॅमच्या वर जातात. गाईच्या दुधात १०० मिलिलिटरला सव्वातीन, म्हशीच्या दुधात साडेतीनच्या वर, दह्यात तितकेच. एका अंड्यात सहा ग्रॅम. चिकनच्या बिनहाडाच्या छातीच्या मांसात २२ ते २३, बांगड्यात २० च्या आसपास. ओला बोंबील मात्र बव्हंशी पाणीच असतो. त्यातून बांगड्याच्या निम्म्याच्या आसपासच प्रथिने मिळतात, हे कटू सत्य मीही जड मनानेच स्वीकारले आहे.

या टप्प्यावर काही गैरसमज हिशेब फुगवतात. मोड आल्याने प्रथिने दुप्पट होत नाहीत. ३० ग्रॅम मटकीला मोड आणले, की ती भिजून फुगते आणि वाटी भरते, पण प्रथिने त्या ३० ग्रॅमचीच, म्हणजे सहाच्या आत-बाहेर. मोडांचे इतर फायदे आहेत, हा नाही. मिसळीच्या ताटलीतही हाच हिशेब लागतो: मटकी किती आणि फरसाण किती हे वेगळे पाहिले, की तर्रीच्या खाली काय उरते ते कळते. मामलेदारची मिसळ मी सोडणार नाही, पण ती वहीत चवीच्या खात्यावर लिहितो.

शेंगदाणे, बदाम आणि पीनट बटर हे मुळात स्निग्धांशाचे पदार्थ आहेत. ३० ग्रॅम शेंगदाण्यांतून सात ग्रॅम प्रथिने मिळतात, पण सोबत जवळपास दुप्पट तेल जाते. प्रथिनांची मोठी तूट त्यांनी भरायला गेलात, तर आधी कंबर वाढेल. साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतातच. खिचडीत जी काही असतात ती कुटाची. श्रावणातले सोमवार, चतुर्थी, एकादशी असे उपवास धरणाऱ्यांनी त्या दिवसासाठी दूध, दही, पनीर आणि राजगिरा यांची वेगळी आखणी करावी, नाहीतर महिन्यातले सहा-सात दिवस तीस ग्रॅमवर अडकतात.

अंड्याचा बलक फेकू नये. अंड्यातली चाळीस टक्क्यांहून थोडी अधिक प्रथिने बलकातच असतात. कच्ची अंडी दुधात फेटून पिण्याची जुनी सवय अजून दिसते. शिजवलेल्या अंड्यातली प्रथिने कच्च्यापेक्षा पुष्कळ चांगली पचतात, शिवाय कच्च्यात साल्मोनेलाच्या संसर्गाचा धोका असतो.

टप्पा ४: तूट काढा आणि ती न्याहारीपासून भरायला घ्या

समजा, कोपरीत राहणारा आणि ट्रान्स-हार्बरने ऐरोलीला कामाला जाणारा, अंडी-मांस न खाणारा, ६८ किलोचा तरुण आहे. त्याच्या वहीतला सरासरी दिवस असा निघतो: सकाळी शेंगदाणे घातलेले कांदेपोहे, ६ ग्रॅम, दिवसभरात दोन चहांतले दूध, ३, डब्यातल्या चार पोळ्या, १३, फळभाजी, ३, आमटी, ६, भात, ४, संध्याकाळचा वडापाव, ७, रात्री भात, ५, दोन पोळ्या, ६, ३० ग्रॅम मटकीची उसळ, ६, एक वाटी दही, ४. बेरीज ६३. लक्ष्य ११०. तूट ४७ ग्रॅम.

या ६३ मध्ये न्याहारीचा वाटा अवघा सहा आहे, आणि शंभरातल्या नव्वद वह्यांत हेच दिसते. म्हणून दुरुस्ती तिथून सुरू करावी. पोह्यांऐवजी ६० ग्रॅम मूगडाळ रात्री भिजवून सकाळी वाटली आणि धिरड्यात ५० ग्रॅम किसलेले पनीर घातले, तर २३ ग्रॅम होतात, वाढ १७. डब्यातल्या बटाट्याच्या रश्श्यात ३० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्या, आधी गरम पाण्यात भिजवून आणि दोनदा घट्ट पिळून, घातल्या तर आणखी १५. न पिळता घातल्या, तर उग्र वास राहतो आणि दुसऱ्या दिवशी डबा परत येतो. संध्याकाळच्या वडापावाच्या जागी ५० ग्रॅम फुटाणे आणि पाव लिटर दूध म्हणजे १८, वाढ ११. रात्रीच्या उसळीत मटकी ३० ऐवजी ५० ग्रॅम, वाढ ४. बेरीज सत्तेचाळीस. पावडर अजून आलेलीच नाही.

मांसाहारी माणसाचे काम सोपे आहे असे वाटते, पण त्याची चूक वेगळी असते. "अर्धा किलो चिकन" आणले, तर त्यातले पाव ते एक तृतीयांश वजन हाडांचे असते आणि उरलेल्याचे घरात चार वाटे होतात. त्याच्या वाट्याला वीस-बावीस ग्रॅम प्रथिने आली, तरी पुष्कळ. रश्श्यात पाव बुडवून खाल्ल्याने चिकन खाल्ल्याचे समाधान मिळते, प्रथिने मात्र फोडीत राहतात. मासळीवर भिस्त असेल, तर १ जून ते ३१ जुलै या काळातली मासेमारी बंदी लक्षात घेऊन त्या दोन महिन्यांसाठी अंडी, चिकन किंवा डाळींची पर्यायी आखणी आधीच करावी. सुकट प्रथिनांनी समृद्ध असते, पण मीठही तसेच असते. रक्तदाब असलेल्यांनी तिच्यावर महिना काढू नये.

खर्चाची तुलना करताना किलोचा भाव पाहू नका. किलोच्या भावाला त्यातल्या प्रथिनांच्या ग्रॅमने भागा. जांभळी नाक्यावरून डाळ घ्या किंवा वाशीच्या एपीएमसीतल्या धान्य बाजारातून मोठे पोते आणून शेजाऱ्यांत वाटा, या भागाकारात सोयाबीन वड्या आणि डाळी बहुतेक वेळा पहिल्या येतात आणि प्रोटीन बार शेवटी.

*इशारा:* तूट एका दिवसात भरू नका. डाळी आणि कडधान्ये एकदम दुप्पट केली, तर पोट फुगते, आणि गर्दीच्या लोकलमध्ये ते कुणालाच परवडत नाही. दर आठवड्याला दहा-बारा ग्रॅम वाढवा, कडधान्ये पूर्ण भिजवून ते पाणी टाकून द्या आणि पिण्याचे पाणी वाढवा.

टप्पा ५: दिवसभरात वाटणी करा

दिवसाची बेरीज महत्त्वाची, वेळ त्यानंतर. तरीही ११० पैकी ८० ग्रॅम रात्री एका बैठकीत खाण्यापेक्षा चार वेळांत २० ते ४० ग्रॅम अशी वाटणी चांगली. वरच्या उदाहरणात न्याहारी २३, जेवण ४१, संध्याकाळ १८ आणि रात्र २५ अशी वाटणी आपोआप पडली, उरलेले ३ चहाच्या दुधातले. व्यायाम संपल्यावर अर्ध्या तासात काही खाल्ले नाही, तर मेहनत वाया जाते, ही भीती निराधार आहे. स्नायूंची प्रथिने वापरण्याची वाढलेली क्षमता चोवीस तास किंवा त्याहूनही अधिक काळ टिकते. व्यायामशाळेतून घरी जाऊन शांतपणे जेवावे.

डाळ आणि भात एकाच घासात असण्याचीही गरज नाही. प्रथिने ज्या अमिनो आम्लांची बनतात, त्यांपैकी धान्यांत लायसिन कमी, डाळींत मेथिओनिन कमी; दिवसभरात दोन्ही पोटात गेली, की एकमेकांची उणीव भरून निघते.

टप्पा ६: पावडर हवीच असेल तर

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांत प्रोटीन पावडर टाळण्याचाच सल्ला आहे. माझे मत त्याहून थोडे सैल आहे: पहाटे घर सोडून रात्री परतणाऱ्याला, किंवा कडधान्य न सोसणाऱ्याला, राहिलेली वीस-पंचवीस ग्रॅमची तूट एका मापाने भरता येते. सत्तेचाळीसची संपूर्ण तूट पावडरने भरणे मात्र आळस आहे.

विकत घेताना डब्याच्या पुढच्या बाजूचे मोठे अक्षर वाचू नका, मागचा तक्ता वाचा. ३० ते ३३ ग्रॅमच्या मापात २२ ते २५ ग्रॅम प्रथिने असतील, तर ती व्हे (दुधाच्या निवळीपासून केलेली) पावडर ठीक आहे. "मास गेनर" नावाच्या डब्यात माप मोठे असते आणि त्यात बहुतांश माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्वस्त पिष्ट असते. त्यापेक्षा दूध-केळे स्वस्त पडते. घटकांच्या यादीत ग्लायसिन किंवा टॉरिन ही अमिनो आम्ले वेगळी घातलेली दिसली, तर सावध व्हा, कारण प्रथिनांची चाचणी नायट्रोजनवरून होते आणि असे स्वस्त घटक मिसळून आकडा फुगवता येतो. एफएसएसएआयचा चौदा अंकी परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, वापरण्याची मुदत आणि शाबूत सील या चारही गोष्टी दुकानातच तपासा. सुटी, पिशवीत बांधून दिलेली पावडर कितीही ओळखीच्या माणसाने दिली, तरी घेऊ नका. मी एकदा घेतली होती, तिच्यात दुधाच्या पावडरीचा वास आणि साखरेची चव होती, आणि देणारा अजूनही रोज हसून नमस्कार करतो.

टप्पा ७: बारा आठवडे मोजत राहा

प्रथिने म्हणजे विटा. भिंत बांधण्याचा हुकूम व्यायाम देतो. प्रत्येक मोठ्या स्नायूगटाला आठवड्यातून दोनदा काम मिळाले नाही आणि उचललेले वजन किंवा आवर्तने हळूहळू वाढली नाहीत, तर जास्तीची प्रथिने शरीर इंधन म्हणून जाळते किंवा साठवते. तलावपाळीला रोज चार फेऱ्या मारणे हृदयासाठी उत्तम आहे, पण त्याने दंड वाढत नाहीत.

उष्मांकही पुरेसे हवेत. बारीक माणसाने नेहमीच्या गरजेपेक्षा रोज २०० ते ३०० कॅलरी अधिक घ्याव्यात. भात-पोळी पूर्ण बंद करून नुसते पनीर खाणाऱ्याची प्रथिने ऊर्जेसाठी खर्ची पडतात. झोप सात तासांच्या खाली नेऊ नका.

नोंदी अशा ठेवा: वजन दररोज सकाळी शौचानंतर, पण तुलना आठवड्याच्या सरासरीची, कंबर आणि दंड दर दोन आठवड्यांनी, टेप त्याच जागी धरून, व्यायामातली वजने प्रत्येक वेळी. मग वाचन पुढीलप्रमाणे करावे.

१. वजन आठवड्याला पाव ते अर्धा टक्का वाढते, उचलण्याची ताकद वाढते आणि कंबर जवळपास तेवढीच राहते: काहीही बदलू नका.

२. कंबर दंडापेक्षा वेगाने वाढते: प्रथिने तशीच ठेवून तेल, फरसाण आणि गोड कमी करा.

३. चार आठवड्यांत ना वजन हलले ना ताकद: आधी वही पुन्हा तीन दिवस लिहा. बहुतेक वेळा लक्ष्य ११० चे असते आणि प्रत्यक्षात ८० च जात असतात, कारण धिरडी आठवड्यातून दोनदाच झालेली असतात. वही बरोबर निघाली, तर प्रथिने न वाढवता भात किंवा पोळी वाढवा.

४. ताकद वाढते, पण वजन स्थिर: नवशिक्याला पहिले काही आठवडे असेच जातात, सहाव्या आठवड्यापर्यंत थांबा.

लक्ष्याचा आकडा दर आठवड्याला बदलत बसू नये. वजनात चार-पाच किलोंचा फरक पडला, की पहिल्या टप्प्यातला गुणाकार पुन्हा करावा, आणि वहीचे सात दिवस तेव्हाच पुन्हा लिहावेत.